बेअर ब्रायंटच्या यादीत कोण नव्हतं?

तुमच्या कॉलेजच्या टीमचं सिलेक्शन कोण करतं? आणि ट्रायल्सना कुणाला बोलावलंच जात नाही? हा दुसरा प्रश्न डोक्यात ठेवून पॉल ‘बेअर’ ब्रायंटची गोष्ट वाचा.

१९१३ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. शाळकरी वयात थिएटरात आणलेल्या अस्वलाशी कुस्ती खेळला, म्हणून नाव पडलं ‘बेअर’. पुढे अलाबामा विद्यापीठाकडून फुटबॉल खेळला. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे बरं का! लांबुळका चेंडू हातात घेऊन पळायचा, धडकाधडकीचा अमेरिकन खेळ. तिथे कोच दरवर्षी शाळाशाळांतून पोरं हेरतात, स्कॉलरशिप देऊन आणतात. त्या बॅचला म्हणतात ‘रिक्रूटिंग क्लास’.

१९५८ मध्ये ब्रायंट अलाबामाचा हेड कोच झाला, तेव्हा टीमची पार वाट लागली होती. आधीचा कोच व्हिटवर्थच्या ३ वर्षांत विजय फक्त ४, पराभव २४. फर्स्ट इयरच्या पोरांना तेव्हा मुख्य टीममध्ये खेळता येत नसे. त्यामुळे ब्रायंटला व्हिटवर्थच्याच भरतीवर भागवावं लागलं. तरी त्याने पहिल्याच वर्षी ५ सामने जिंकले! कडक शिस्त आणि घाम गाळणारा सराव, हे त्याचं भांडवल. त्याने स्वतः निवडलेली पहिली बॅच १९६१ मध्ये सीनियर झाली आणि अलाबामाने ११ पैकी ११ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

पण या यादीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. १९६३ मध्ये विद्यापीठाचं दार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उघडलं, तरी फुटबॉलच्या स्कॉलरशिप पुढची कित्येक वर्षं गोऱ्यांनाच मिळत राहिल्या. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी यावरून कोर्टात गेले. त्याच वर्षाच्या शेवटी विल्बर जॅक्सनची निवड झाली. स्कॉलरशिप मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

सप्टेंबर १९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाच्या टीमने अलाबामाला घरच्या प्रेक्षकांसमोर ४२-२१ असं धुतलं. त्यांच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने १३५ यार्ड धाव घेतली. या एका मॅचने सगळं बदललं, असं आजही सांगतात. पण जॅक्सन तर आधीच निवडला गेला होता. फर्स्ट इयरचा म्हणून त्या दिवशी मैदानाबाहेर होता, इतकंच.

१९७१ मध्ये ब्रायंटने डावपेच बदलले, जॅक्सन आणि जॉन मिचेल मैदानात उतरले आणि टीमने १२ पैकी ११ सामने जिंकले. १९७३ मध्ये जॅक्सन टीमच्या दोन कॅप्टनपैकी एक होता, तर मिचेल ब्रायंटचा असिस्टंट कोच.

३२३ विजय आणि ६ राष्ट्रीय विजेतेपदं नावावर ठेवून ब्रायंट रिटायर झाला. शेवटच्या मॅचनंतर २८ दिवसांनी, २६ जानेवारी १९८३ रोजी तो गेला. त्याच्याइतका दरारा तेव्हा अलाबामात क्वचितच कुणाचा असेल. तरी त्या यादीत पहिलं कृष्णवर्णीय नाव यायला ११ वर्षं लागली.

तुमच्या टीमची यादी लागेल, तेव्हा न आलेली नावंही आठवून बघा.