दुःखाचे सार्थक : पंडिता रमाबाई

या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही जे चरित्र ठेवीत आहोत, त्यातील धर्मांतर आपल्या वाडवडिलांना रुचले नव्हते, हे आम्ही जाणतो. तथापि आपल्या घराण्यांतूनही बालविधवा होऊन गेल्या. त्यांचे अश्रू ज्या माउलीने पुसू पाहिले, तिचे ऋण नाकारणे आम्हांस उचित वाटत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस व कन्येस संस्कृत शिकविले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात अन्नान्नदशा होऊन पिता, माता व वडील बहीण अशी तिघेही काही महिन्यांत कालवश झाली. उरलेली भावंडे पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु १८८० मध्ये बंधू श्रीनिवास निवर्तले. आणि विवाहास दोन वर्षे होण्यापूर्वीच, १८८२ मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. तान्ह्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या.

वैद्यक शिकण्यासाठी त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्याने तो हेतू खुंटला. तेथे फुलहॅम गावी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळीत असलेल्या त्यांनी पाहिल्या, आणि येशूच्या दयेचा अर्थ त्यांना उमगला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र अंतःकरणाची खरी शांती त्यांना त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभली.

१८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेने वादळ उठले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनीही संबंध सोडला. बाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. केडगावच्या माळावर उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात त्या अनाथ मुली शेती, विणकाम, छपाई शिकून स्वाभिमानाने जगू लागल्या.

१८७४ साली आपण का वाचलो, या प्रश्नाचे उत्तर बाईंना त्या मुलींच्या मुखावर मिळाले असावे, असे आम्हांस वाटते. दुःख टळावे, एवढेच आपण देवाजवळ मागतो. बाईंनी ते दुःख त्याच्याच कार्यास वाहिले, आणि त्यातच त्यांना आनंद गवसला. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमाही गेली. तरीही मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

श्रद्धा कोणतीही असो, आपले दुःख दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, एवढा धडा आपल्या मुलाबाळांनी या चरित्रातून घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.