पर्वतीच्या पायथ्याचा शिकारखाना आणि सवाई माधवराव

सुटीच्या दिवशी नवी मुंबईहून द्रुतगती मार्गाने पुणे गाठून मुलांना कात्रजचे प्राणिसंग्रहालय दाखविणारी अनेक कुटुंबे आहेत. सुमारे १३० एकरांवरील हे संग्रहालय १९९९ मध्ये सुरू झाले आणि पर्वतीच्या पायथ्याशी १९५३ पासून असलेल्या पेशवे पार्कातील प्राणी पुढे तेथे हलविण्यात आले. मात्र पर्वतीखाली वन्य प्राणी बाळगण्याची परंपरा महापालिकेपेक्षा कितीतरी जुनी असून तिच्याशी सवाई माधवराव पेशव्यांचे नाव निगडित आहे.

नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी खून झाला. त्यांच्या पश्चात १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या या मुलाला अवघ्या चाळीस दिवसांचा असताना पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. कारभार बारभाईंचा आणि पुढे जवळजवळ एकट्या नाना फडणविसांचा होता. आई गंगाबाईंचे छत्रही लवकरच हरपले. नानांच्या दक्षतेमुळे राज्य टिकले, हे मान्य करावेच लागेल. परंतु त्याच दक्षतेने शनिवारवाड्यात वाढणाऱ्या या मुलाभोवती पहाऱ्याचे कडेही उभे केले.

या कोंडीत पर्वतीचा परिसर हा एक मोठा विसावा होता. त्या काळी तो शहराबाहेरचा भाग. काळ्या कातळाची टेकडी, माथ्यावर देवदेवेश्वर, खाली नानासाहेबांच्या काळातील विस्तीर्ण तळे आणि भोवती बागा व मोकळा माळ. तळ्यातल्या गणपतीची स्थापना १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्याच कारकिर्दीत झाली. याच भागात पेशव्यांचा शिकारखाना होता. सिंह, गेंडा, हरणे असे प्राणी तेथे होते. वाद्यांचा नाद ऐकून काळवीट जवळ येत आणि झोपाळ्यावरही चढून बसत, असे वर्णन इंग्रज पाहुण्यांनी लिहून ठेवले आहे. इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरच्या खडूच्या टेकड्यांवर व्हिप्सनेड येथे १९३१ मध्ये प्राण्यांना मोकळी जागा देणारे उद्यान उघडले. त्याच्याशी या शिकारखान्याची तुलना ताणू नये. तो मुख्यत्वे दरबारी वैभवाचाच भाग होता. तरीही एकाकी पेशव्याचा जीव तेथे रमत असे, यात नवल नाही.

१७९२ मध्ये महादजी शिंदे पुण्यास आले. त्यांनी तरुण पेशव्याला शिकारीला नेले, त्याच्याशी स्नेह जोडला. नानांना ही जवळीक रुचली नाही. १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडी येथे महादजींचे निधन झाले आणि हा आधारही गेला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. पेशव्यांच्या नावाने मिळालेला तो मोठा विजय होता, पण विजयाने पेशव्याचे बंध सैल झाले नाहीत. शिवनेरीवर नजरकैदेत असलेले चुलते बाजीराव आणि सवाई माधवराव यांच्यातील गुप्त पत्रव्यवहार उघडकीस आला. नाना संतापले, पत्रे पोहोचविणाऱ्याला कैद झाली आणि पहारा अधिकच कडक झाला.

२५ ऑक्टोबर १७९५ रोजी शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून सवाई माधवराव खालच्या कारंज्यावर कोसळले. दोन दिवसांनी त्यांचा अंत झाला. तापाच्या भरात तोल गेला की त्यांनी स्वतःच उडी घेतली, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. वय होते अवघे एकवीस आणि मागे अपत्य नव्हते. त्यानंतर वर्षभर वारसाहक्काची कारस्थाने चालली. अखेर डिसेंबर १७९६ मध्ये पेशवेपदाची वस्त्रे मिळाली, ती ज्यांना पत्र लिहिण्याचीही सवाई माधवरावांना मुभा नव्हती, त्या बाजीरावांना.