संसार आणि अक्षर : लक्ष्मीबाई टिळक यांच्या जडणघडणीचा एक विचार

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे स्थान निर्विवाद मानले जाते. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाविषयी विपुल लिहिले गेले आहे. तथापि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या एका स्त्रीने असे गद्य कसे लिहिले, या प्रश्नाची उत्तरे बहुधा दोनच दिली जातात. एक, ही उपजत प्रतिभेची किमया होय. आणि दुसरे, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यासारख्या कवीच्या सहवासाचे हे फळ होय. पहिल्या उत्तरात लेखिकेच्या आयुष्यभराच्या कष्टांना वाव नाही, तर दुसऱ्यात तिच्या स्वतंत्र कर्तृत्वाला नाही. प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाईंच्या चरित्राचा, त्यातही तरुण वयातील त्यांच्या गृहिणीपणाचा आणि मातृत्वाचा मागोवा घेऊन एक वेगळे सूत्र मांडावयाचे आहे. ज्या संसाराने त्यांना वाचनापासून वारंवार दूर ठेवले, त्याच संसाराने त्यांच्या लेखणीला लागणारी शिस्त पुरवली, असे ते सूत्र आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका; घरात त्यांना मनू म्हणत. त्यांचे मातामह १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फासावर गेले. या घटनेचा धक्का वडिलांच्या मनाला असा बसला की, सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेने त्यांना कायमचे घेरले. बाहेरून घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याखेरीज शुद्ध मानली जात नसे आणि हा धुण्याचा भार अर्थातच घरातील स्त्रिया आणि मुली यांच्यावर पडे. एका राजकीय घटनेचे पडसाद एका घराच्या न्हाणीघरात आणि माजघरात वर्षानुवर्षे उमटत राहावेत, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. लक्ष्मीबाईंनी या बालपणाचे जे चित्रण केले आहे, त्यात वडिलांविषयी कडवटपणा नाही. विक्षिप्तपणाकडे सहानुभूतीने आणि किंचित मिस्कीलपणे पाहण्याची जी दृष्टी पुढे टिळकांच्या चित्रणात दिसते, तिचा उगम या घरात आहे. लहरी माणसाबरोबर राहावे कसे, याचा पहिला पाठ त्यांना वडिलांच्या घरीच मिळाला.

त्या काळच्या ब्राह्मण घरातील मुलीला अक्षरओळख नसली, तरी तिला शिक्षण नव्हते असे म्हणता येत नाही. वाती वळणे, दळणकांडण, पापड-सांडगे घालणे, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणे, सणावाराचा स्वयंपाक बिनचूक रांधणे, ही सर्व कौशल्ये पाहून आणि हाताने करून शिकावयाची होती. त्यांचे कोठेही लेखी टिपण नसे. प्रमाण डोळ्यांत आणि बोटांत साठवावे लागे. याच्या जोडीला श्रवणाचे शिक्षण होते. जात्यावरच्या ओव्या, श्रीधराच्या पोथ्यांचे वाचन, देवळातील पुराण आणि कीर्तन यांतून मराठी भाषेचा फार मोठा साठा कानांवाटे मुलींपर्यंत पोहोचे. या श्रवणसंस्कारात वाढलेल्या स्त्रीला वाक्याचा तोल आणि कथेची ओढ यांची जाण अक्षरांच्या आधी आलेली असे.

१८८० च्या सुमारास, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, मनूचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मी झाली. टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. वृत्तीने कवी, विद्वान, उदार आणि तितकेच अस्थिर. न सांगता घर सोडून जाणे, एका गावची नोकरी टाकून दुसऱ्या गावी जाणे, घरखर्चाचा पैसा एखाद्या गरजवंताच्या हाती ठेवून रिकाम्या हाताने परतणे, हे त्यांच्या संसाराचे नित्याचे स्वरूप होते. परिणामी लक्ष्मीबाईंचे तारुण्य माहेर, सासर, आप्तांची घरे आणि नागपूर, राजनांदगाव अशी दूरची गावे यांच्या दरम्यान येण्याजाण्यात गेले. प्रत्येक वेळी चूल नव्याने मांडावयाची आणि ती केव्हा मोडेल याचा भरवसा धरावयाचा नाही, अशी ही स्थिती होती. याच वर्षांत त्यांनी मातृत्वाचे दुःखही भोगले. त्यांची काही अपत्ये अल्पायुषी ठरली. १८९१ मध्ये जन्मलेला दत्तू, म्हणजेच पुढे लेखक आणि संपादक म्हणून परिचित झालेले देवदत्त नारायण टिळक, हाच त्यांचा आधार राहिला.

लक्ष्मीबाईंचे वाचन या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पतीकडून अक्षरे शिकलेल्या ज्या स्त्रिया पुढे लेखिका झाल्या, त्यांत रमाबाई रानडे आणि काशीबाई कानिटकर यांची नावे प्रामुख्याने घेतली जातात. रमाबाईंच्या शिक्षणामागे न्यायमूर्ती रानड्यांची शिस्त होती. घरातील स्त्रियांचा विरोध सोसावा लागला, तरी अभ्यासाचा क्रम ठरलेला होता आणि त्याला स्थिर उत्पन्नाचे पाठबळ होते. काशीबाईंच्या घरीही गोविंदराव कानिटकरांमुळे ग्रंथांचा आणि साहित्यचर्चेचा राबता होता. १८८९ साली त्यांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख करून देण्याची टिळकांची इच्छाही तितकीच प्रामाणिक होती. पण शिक्षक संतापी आणि गैरहजर, तर विद्यार्थिनी घरकामात बुडालेली, अशा स्थितीत सातत्य कोठून येणार? त्यांचे वाचन तुकड्यातुकड्यांनी झाले. शुद्धलेखनाची चौकट त्यांच्या अंगवळणी पडली नाही. या उणिवेचा एक अनपेक्षित लाभ मात्र झाला. एकोणिसाव्या शतकातील ग्रांथिक मराठीचा संस्कृतप्रचुर साचा त्यांच्या हाताला कधी लागलाच नाही; त्यामुळे लिहिण्याची वेळ आली, तेव्हा बोलण्याची भाषा हीच त्यांची लेखनभाषा झाली.

लक्ष्मीबाईंच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले ते १० फेब्रुवारी १८९५ रोजी. त्या दिवशी मुंबईत टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या वेळी लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या आणि दत्तू अवघा तीन-चार वर्षांचा होता. या घटनेने त्यांना जी अवस्था प्राप्त झाली, तिला तत्कालीन समाजाच्या कोशात शब्द नव्हता. पती हयात असल्याने त्या विधवा नव्हत्या. परंतु पतीचे घर त्यांना बंद झाले होते. पतीने त्यांचा त्याग केलेला नव्हता, उलट त्यांनी यावे म्हणून तो पत्रे लिहीत होता. पण जाणे म्हणजे जात, माहेर आणि आजवरचा सारा आचार सोडणे होते. या पेचाच्या मध्यभागी दत्तू होता. मुलावर पित्याचा हक्क कायद्याने आणि रूढीने मान्य केलेला होता, त्यामुळे टिळक मुलाला घेऊन जातील ही भीती आप्तांना होती. पतीकडे जावे तर मुलाची मुंज, जात आणि आप्तवर्ग यांवर पाणी सोडावयाचे. न जावे तर मुलाला पित्याविना वाढवावयाचे आणि तो हातचा जाईल या धास्तीत दिवस काढावयाचे. धर्मांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा तत्त्वज्ञानाच्या पातळीवर होते. या तरुण आईसाठी मात्र मूल कोणाच्या ताटात जेवेल आणि कोणाच्या घरी निजेल, असे त्या प्रश्नाचे रूप होते.

हा वियोग सुमारे पाच वर्षे टिकला. यातील बराच काळ त्या पंढरपूरला बहीण भिकूताई यांच्या आश्रयाने राहिल्या. पराश्रित स्त्रीला घरात स्थान मिळते ते कामाच्या बळावर. लक्ष्मीबाई कामात खंबीर होत्या आणि मनाने खचलेल्या असतानाही हात चालू ठेवण्याची सवय त्यांना लहानपणापासून होती. याच वर्षांत त्यांच्या पद्यरचनेने मूळ धरले. ज्या दुःखाविषयी घरात उघड बोलणे अवघड होते, त्याला ओवी-अभंगांच्या परिचित घाटात जागा मिळाली. पंढरपूरसारख्या क्षेत्री, जेथे अभंग रोजच्या हवेत असतो, तेथे हे घडावे यात नवल नाही. संतकवयित्रींच्या परंपरेत गृहकृत्य आणि पदरचना यांची जी सांगड आहे, तिचे हे एक अर्वाचीन उदाहरण मानता येईल.

पुढे पतिपत्नींची भेट झाली आणि लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगर परिसरात आल्या. येथेही त्यांनी पतीचा धर्म आंधळेपणाने स्वीकारला नाही. प्रारंभी त्यांनी आपला आचार वेगळा ठेवला. जातिभेद ईश्वरनिर्मित नसून मनुष्यकृत आहे, या निष्कर्षाप्रत राहुरीच्या वास्तव्यात त्या स्वतःच्या विचाराने पोहोचल्या. बालपणी ज्या घरात स्पर्शाच्या भयाने सर्व काही धुतले जात होते, त्या घरातील मुलीला विटाळाची कल्पना किती जीवघेणी असते हे अनुभवाने ठाऊक होते. त्यामुळे इतरांच्या हातचे अन्न आणि पाणी घेण्याचा त्यांचा निर्णय हा आयुष्यभराच्या एका ओझ्यातून सुटण्याचा क्षण ठरला. १९०० साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

यानंतरची दोन दशके भरल्या घराची होती. टिळकांनी आणलेली निराधार मुले, विद्यार्थी, कवी, अचानक येणारे पाहुणे यांनी नगरचे घर गजबजलेले असे. तारा या मुलीलाही त्यांनी पोटच्या मुलीप्रमाणे वाढवले. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनाने प्रकाशात आलेले बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनाही या घराने काही काळ आश्रय दिला. मिळकत बेताची, खाणारी तोंडे अनेक आणि गृहस्थाचा हात सैल, अशा घराचा मेळ बसवणे हे लहान काम नव्हते. प्लेगच्या साथीत त्यांनी रुग्णसेवाही केली. एवढ्या माणसांच्या सवयी, लकबी, आजारपणे आणि भांडणे सांभाळणाऱ्या स्त्रीचे मनुष्यस्वभावाचे निरीक्षण किती सूक्ष्म झाले असेल, याची कल्पना ‘स्मृतिचित्रे’तील व्यक्तिचित्रांवरून येते. ही माणसे लेखिकेने अभ्यासासाठी पाहिलेली नव्हती. तिने त्यांना वाढले होते.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंचे खरे लेखनपर्व येथून सुरू होते. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य दहा-अकरा अध्यायांपाशी थांबले होते. पुढील साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. एवढा विस्तार कोणत्या बळावर पेलला, हे पाहू गेल्यास बालपणापासून कानांत मुरलेल्या ओवीकडेच वळावे लागते. काही काळ कराचीतही त्यांचे वास्तव्य झाले. देवदत्तांनी पित्याच्या चरित्रासाठी आईच्या आठवणी मागितल्या, त्यातून ‘स्मृतिचित्रे’ आकाराला आली. चरित्राचे साधन म्हणून सुरू झालेले हे लेखन लेखिकेच्या आत्मचरित्रात परिणत झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा मराठी गद्यातील त्यांचे स्थान निश्चित झालेले होते.

‘स्मृतिचित्रे’च्या शैलीचा विचार या चरित्राच्या प्रकाशात केला असता काही गोष्टी स्पष्ट होतात. तेथील वाक्ये आटोपशीर आहेत. सनावळीचा सोस नाही. प्रसंग ज्या क्रमाने मनात राहिले त्या क्रमाने येतात. विशेषणांचा खर्च मोजून केलेला आहे. दुःखाचे प्रसंग लांबवले जात नाहीत. ते सांगून लेखिका पुढच्या कामाला लागते. विनोदाचा पहिला रोख तिच्या स्वतःवर असतो, म्हणून पतीवरचा विनोद कधी विखारी होत नाही. टिळकांचा संताप, त्यांचे निघून जाणे, मुलांचे मृत्यू, आप्तांची बोलणी यांपैकी काहीही लपवलेले नाही. मात्र कोणावर निकालही दिलेला नाही. थोडक्यात भागवणे, वाया न घालवणे, सर्वांना पुरवणे आणि हातातले काम न थांबवता रडून घेणे, हे जे गुण कसलेल्या गृहिणीचे, तेच येथे गद्याचे गुण झाले आहेत.

यावरून हालअपेष्टांनी लेखक घडतो, असा सोयीस्कर निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. संसाराने लक्ष्मीबाईंना जे दिले, त्याची किंमत त्यांनी मुलांच्या थडग्यांनी, वियोगाच्या पाच वर्षांनी आणि पन्नाशीपर्यंत लांबलेल्या लेखनाने मोजली. तरुणपणी रमाबाई रानड्यांप्रमाणे अभ्यासाचे नियमित दोन तास त्यांना मिळाले असते, तर त्यांनी काय लिहिले असते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो आणि तो तसाच समोर ठेवणे इष्ट आहे. त्यांच्या पिढीतील असंख्य स्त्रियांजवळ हीच स्मरणशक्ती, हीच भाषा आणि हेच कसब होते. त्यांना कागद मिळाला नाही, आणि आठवणी मागणारा मुलगाही मिळाला नाही. लक्ष्मीबाईंना ‘अशिक्षित प्रतिभावंत’ म्हणून एकाकी शिखरावर बसवले की, या स्त्रिया नजरेआड होतात. त्याऐवजी माजघरातील शिक्षण हे शिक्षणच होते असे मानून ‘स्मृतिचित्रे’ वाचली, तर मराठी गद्याच्या इतिहासाचा आरंभ कोठून धरावयाचा, याचाही फेरविचार आपल्याला करावा लागेल.