‘कुंकू’तल्या शांताबाई

स्मरणिकेसाठी दरवर्षी मी पाककृती देते. यंदा मात्र शांताबाई आपटे यांच्याविषयी चार शब्द लिहावे असे मनात आले. आमच्या आजेसासूबाईंनी ‘कुंकू’ लहानपणी थेटरात पाहिला होता. पुढे आठ दिवस वाड्यातल्या बायका त्याबद्दल हळू आवाजात बोलत, असे त्या सांगत. मी तो पाहिला अगदी अलीकडे, मुलाच्या मोबाइलवर, स्वयंपाकघरात बसून. भाजी करपली, पण उठवले नाही.

शांताबाईंचा जन्म १९१६ साली सोलापूरकडच्या दुधनी गावी झाला. वडील स्टेशनमास्तर. त्यांना गाण्याची आवड होती, म्हणून मुलगी पंढरपूरच्या संगीत विद्यालयात शिकली. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये शाहू मोडक कृष्ण झाले आणि या राधा झाल्या. मग पुण्याच्या प्रभात कंपनीत ‘अमृतमंथन’ आणि ‘अमरज्योती’ आले. गाताना त्यांचे डोळे, मान, हात सगळेच गात असे. पुतळ्यासारखे उभे राहून गाणे त्यांना मानवलेच नाही.

१९३७ साली व्ही. शांताराम यांनी ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून ‘कुंकू’ काढला. आईबापांविना वाढलेल्या नीराला मामा फसवून एका म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतो. ती विहीर जवळ करीत नाही की पळूनही जात नाही. त्याच घरात राहते, पण त्याला नवरा मानायला साफ नकार देते. सावत्र मुलगा आगळीक करतो तेव्हा त्याला छडीने चांगला झोडते. केशवराव दात्यांनी तो म्हातारा असा उभा केला आहे की त्याचा राग येता येता कीव येऊ लागते. शेवटी तो तिला मोकळी करण्यासाठी जीव देतो. हे मला पटले नाही. जिवंत राहून मोकळी केली असती तर काय बिघडले असते? असो. या चित्रात शांताबाईंनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता इंग्रजीतूनही म्हटली आहे.

पण मला मुख्यतः सांगायचे आहे ते पडद्याबाहेरचे. १९३९ साली करार आणि पगाराच्या वादावरून शांताबाई प्रभातच्या फाटकाशी जाऊन उपोषणाला बसल्या. ज्या कंपनीच्या चित्रांनी त्यांचे नाव घरोघर नेले, तिच्याच दारात! चांगल्या घरची मुलगी सिनेमात जाते यालाच लोक नाके मुरडीत, तिथे ही नामांकित नटी चारचौघांदेखत आपल्या हक्कासाठी उपाशी बसली. वर्तमानपत्रांत गवगवा झाला आणि पुढे प्रभातशी त्यांचा संबंध सुटला.

मी एका घरी पोळ्या करून देते. तीन महिन्यांचे पैसे थकले होते. दर वेळी मागायचे ठरवून जाई आणि त्या घरच्या बाईंनी चहा विचारला की माझी जीभ टाळ्याला चिकटे. म्हणून हा प्रसंग मी दोनदा वाचला. आजेसासूबाईंना मी तो सांगितला होता, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला तो पैशांचाच.

दुसऱ्याच वर्षी, १९४० साली, शांताबाईंनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. त्यात नट्यांच्या साड्या-दागिन्यांच्या गप्पा नाहीत. हा धंदा कसा चालतो आणि त्यात काम करणाऱ्यांची स्थिती काय, हे त्यांनी नव्या मुलामुलींसाठी मांडले आहे.

काम काही थांबले नाही. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’साठी त्या तमिळ शिकल्या. त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी! १९४२ साली लाहोरच्या ‘जमीनदार’मध्ये गायल्या. १९४६ च्या मास्टर विनायकांच्या ‘सुभद्रा’त तरुण लता मंगेशकर त्यांच्याबरोबर गायल्या. त्यानंतर मात्र मोठी कामे कमी होत गेली.

आजारपणानंतर २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पन्नाशीही गाठली नाही.

पुढच्या हळदीकुंकवाला मंडळात ‘कुंकू’ दाखवावा, अशी विनंती मी अध्यक्षबाईंना केली आहे. सगळ्यांनी लेकीसुनांना बरोबर आणावे. चहाची व्यवस्था माझ्याकडे. पोळ्यांचे पैसे मागच्या आठवड्यात मागून घेतले आहेत.