विजेला लोकांच्या कायद्यात बसवणारे काकासाहेब गाडगीळ

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीतील गोल बाजार या जुन्या बाजारपेठेत सायंकाळी दुकानांचे दिवे लागतात. त्या विजेचा दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. अमेरिकेतील जॉर्जिया, ॲरिझोना यांसारख्या काही राज्यांत अशा आयोगाचे सदस्य मतदार थेट निवडून देतात. भारतात ते नेमले जातात. मात्र वीज ही केवळ कंपन्यांच्या नफ्याची बाब नसून तिच्यावर लोकांच्या वतीने नियंत्रण हवे, हे तत्त्व स्वतंत्र भारतात लोकप्रतिनिधींनीच कायद्यात आणले. तो कायदा संमत झाला तेव्हा ऊर्जा खात्याची धुरा पुण्याचे नरहर विष्णू तथा काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होती.

काकासाहेबांचा जन्म 10 जानेवारी 1896 रोजी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी आणि पुढे कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. परंतु 1920 पासून काँग्रेसच्या कार्याने त्यांचे आयुष्य व्यापले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी अनेक वेळा तुरुंगवास भोगला. अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा यासाठी 1929 मध्ये झालेल्या पुण्यातील पर्वती सत्याग्रहाला त्यांनी साथ दिली. ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे यांच्याशी त्यांचे झालेले सख्य महाराष्ट्रातील काँग्रेसचा पाया विस्तारण्यास कारणीभूत ठरले. 1934 मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून आले.

15 ऑगस्ट 1947 रोजी पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे बांधकाम, खाणी व ऊर्जा हे खाते आले. त्या वेळी देशाची वीजनिर्मिती क्षमता अवघी 1,362 मेगावॅट होती. 1910 च्या वीज कायद्यानुसार ठरावीक क्षेत्रासाठी परवाना घेतलेल्या कंपन्या प्रामुख्याने शहरांना वीज पुरवत. जेथे ग्राहक विरळ आणि नफा थोडा, तेथे तारा ओढण्यात त्यांना स्वारस्य नव्हते. खेडी त्यामुळे अंधारातच राहिली होती. व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वीज आणि नदीखोऱ्यांच्या विकासाचा विचार राष्ट्रीय पातळीवर मांडला होता. तो कायद्यात उतरवण्याचे काम गाडगीळांच्या वाट्याला आले.

1948 हे वर्ष त्या दृष्टीने निर्णायक ठरले. त्यांच्या खात्याच्या कारकिर्दीत दामोदर खोरे महामंडळ, खाणी व खनिजांचे नियमन आणि वीजपुरवठा या तिन्ही विषयांवर कायदे झाले. सप्टेंबर 1948 मध्ये मंजुरी मिळालेल्या वीजपुरवठा कायद्याने केंद्रीय वीज प्राधिकरण आणि राज्य वीज मंडळे यांची तरतूद केली. खासगी परवानाधारकांनी किती परतावा घ्यावा, यालाही कायद्याने मर्यादा घातली; वाजवीपेक्षा जास्त नफा झाल्यास त्याचा लाभ ग्राहकाला मिळावा, असा त्यामागील हेतू होता. वीज मंडळांनी मात्र शक्यतो तोट्यात न चालता काम करावे, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. लोकसेवा आणि काटकसरीचा व्यवहार यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता.

या कायद्यानुसार 1950 मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळ स्थापन झाले. त्या काळी नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. मुंबई राज्याचे मंडळ 1954 मध्ये आणि महाराष्ट्राचे 1960 मध्ये अस्तित्वात आले. तारा खेड्यांपर्यंत पोहोचल्या, शेतीपंप चालू लागले. मात्र पुढील दशकांत दर ठरवण्याचा अधिकार व्यवहारात राज्य सरकारांच्या राजकीय सोयीशी बांधला गेला आणि अनेक मंडळे तोट्यात रुतली. अखेर 1998 मध्ये नियामक आयोगांचा कायदा झाला आणि 2003 च्या वीज कायद्याने 1948 चा कायदा रद्द केला.

काकासाहेबांचे कार्य खात्यापुरते मर्यादित नव्हते. सरदार पटेलांसोबत त्यांनी सोमनाथ मंदिराच्या पुनर्उभारणीचा पुरस्कार केला. 1952 मध्ये ते पुण्यातून लोकसभेवर निवडून आले आणि संयुक्त महाराष्ट्राची बाजू त्यांनी संसदेत मांडली. 1958 ते 1962 या काळात ते पंजाबचे राज्यपाल होते. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवताना 12 जानेवारी 1966 रोजी त्यांचे निधन झाले. ‘पथिक’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठी वाचकांना परिचित आहे.

छत्तीसगडच्या आयोगापुढे आज दरवाढीचा प्रस्ताव येतो, तेव्हा जाहीर सुनावणीत गोल बाजारातील दुकानदारालाही हरकत नोंदवता येते. गाडगीळांच्या काळातील कायदा आता लागू नाही. वीज कंपनीने आपल्या दराचा हिशेब लोकांना द्यावा, ही त्यामागील अपेक्षा मात्र कायम आहे.