हडसन उपसागराच्या बर्फकाठी : जोसेफ बर टिरेल यांचा जीवनप्रवास

नॉर्थ यॉर्कमधून पूर्व-पश्चिम धावणारा फिंच ॲव्हेन्यू हा येथील अनेक मराठी कुटुंबांच्या नित्य परिचयाचा रस्ता आहे. पश्चिमेस तो वेस्टन रोडला छेदतो. त्या वाटेने दक्षिणेकडे गेल्यास हंबर नदीकाठचे जुने वेस्टन गाव लागते. पूर्वेस, फिंचच्याच दिशेने स्कारबरोच्या टोकापर्यंत गेल्यास टोरांटोचे प्राणिसंग्रहालय येते. वेस्टनमध्ये १ नोव्हेंबर १८५८ रोजी जोसेफ बर टिरेल यांचा जन्म झाला आणि आज जेथे प्राणिसंग्रहालय आहे तेथे त्यांनी उत्तरायुष्यात सफरचंदांची बाग फुलवली. या दोन ठिकाणांमधील अंतर मोटारीने तासाभराचेही नाही. टिरेल मात्र मधल्या काळात हडसन उपसागराच्या ओसाड किनाऱ्यावर मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आले.

त्यांचे वडील विल्यम हे आयर्लंडमधून आलेले बांधकाम व्यावसायिक होते. बालपणी झालेल्या लोहितांग ज्वराने जोसेफ यांची श्रवणशक्ती मंदावली. दृष्टीही अधू होती. टोरांटो विद्यापीठातून १८८० मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी वकिलीचे शिक्षण आरंभिले. परंतु प्रकृती साथ देईना आणि वैद्यांनी मोकळ्या हवेतील कामाचा सल्ला दिला. परिणामी १८८१ मध्ये ते कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागात रुजू झाले. तीनच वर्षांनी, १८८४ च्या उन्हाळ्यात, अल्बर्टातील रेड डिअर नदीच्या खोऱ्यात कोळशाचे थर शोधत असताना त्यांना एका मांसाहारी डायनासोरची कवटी सापडली. त्या प्राण्याला पुढे अल्बर्टोसॉरस हे नाव मिळाले. ड्रमहेलर येथील जगप्रसिद्ध संग्रहालय आज टिरेल यांच्याच नावाने ओळखले जाते.

तथापि त्यांच्या धैर्याची खरी कसोटी उत्तरेत लागली. अथाबास्का सरोवर आणि हडसन उपसागर यांच्यामधला विस्तीर्ण वृक्षहीन प्रदेश सरकारी नकाशांवर जवळजवळ कोराच होता. अर्थात तो निर्जन नव्हता. डेने आणि इनुइट लोक तेथे पिढ्यान्पिढ्या कॅरिबू हरणांच्या मागे फिरत असत. १८९३ मध्ये चौतिसाव्या वर्षी टिरेल आपले धाकटे बंधू जेम्स यांना घेऊन या प्रदेशात निघाले. सोबत तीन इरोक्वाय आणि तीन मेटी नावाडी होते. आठ माणसांचा हा चमू लहानशा कनू नावांतून डुबॉन्ट नदीच्या अनोळखी प्रवाहात उतरला. जुलैअखेरीस त्यांना कॅरिबूंचा प्रचंड कळप दिसला. सारे डोंगरउतार हरणांनी व्यापलेले होते आणि मोजदाद अशक्य होती. त्या वेळी मांस सुकवून बरोबर घेता आले म्हणून पुढचा प्रवास घडला.

सप्टेंबरच्या मध्यास चमू चेस्टरफील्ड इनलेटमार्गे हडसन उपसागराला मिळाला. तेथून चर्चिल येथील हडसन्स बे कंपनीचे ठाणे दक्षिणेस शेकडो मैलांवर होते आणि ऋतू पालटला होता. नद्यांसाठी घडवलेल्या नावा आता खुल्या समुद्राच्या लाटांत हाकाव्या लागत होत्या. वादळ उठले की दिवसचे दिवस किनाऱ्यावर अडकून पडावे लागे. शिधा संपत आला. याच किनाऱ्यावर त्यांची पांढऱ्या अस्वलांशी गाठ पडली.

ही गाठ योगायोगाची नव्हती. ध्रुवीय अस्वलाचे जीवन समुद्रावरील बर्फाशी बांधलेले असते. सील हे त्याचे मुख्य अन्न आणि सीलची शिकार त्याला बर्फावरूनच साधते. हडसन उपसागराचे बर्फ दर उन्हाळ्यात पूर्णपणे वितळते. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरील अस्वले जमिनीवर येतात आणि अंगच्या चरबीवर दिवस काढतात. गर्भवती माद्या आत जाऊन पीटच्या मातीत गुहा खोदतात, तेथेच पिल्लांना जन्म देतात. त्यांचा उपवास तर आठ महिन्यांपर्यंत लांबू शकतो. शरद ऋतूत बाकीची अस्वले किनाऱ्याशी येऊन समुद्र गोठण्याची वाट पाहतात. टिरेल बंधू नेमक्या त्याच दिवसांत त्या वाटेने चालले होते. उपाशी माणसे बर्फाच्या आधी चर्चिल गाठू पाहत होती आणि उपाशी अस्वले त्याच बर्फाकडे डोळे लावून बसली होती.

ऑक्टोबरच्या मध्यास बर्फाने माणसांना गाठलेच. किनाऱ्यालगतचे पाणी गोठू लागले, नावा पुढे जाईनात आणि थंडीने व उपासमारीने माणसे खचली. चर्चिल आता फार दूर नव्हते, पण सर्वांना चालवत नेणे शक्य नव्हते. अखेर त्यांतल्या त्यात धडधाकट अशा दोघांना मदत आणण्यासाठी पायी पाठवण्यात आले. ते वाटेतच कोसळले असते तर आठांपैकी कोणी वाचण्याची आशा नव्हती. ते पोहोचले, कुत्र्यांच्या घसरगाड्या आल्या आणि १९ ऑक्टोबर रोजी चमू चर्चिलला सुखरूप दाखल झाला. तेथून बर्फातून पायी यॉर्क फॅक्टरी आणि पुढे विनिपेग गाठेपर्यंत १८९४ साल उजाडले होते.

एवढे भोगूनही टिरेल त्याच वर्षी पुन्हा उत्तरेत गेले. या वेळी रॉबर्ट मन्रो फर्ग्युसन यांच्यासह ते कझान नदीच्या मार्गाने उतरले आणि इनुइट वाटाड्यांच्या साहाय्याने पुन्हा हडसन उपसागराला पोहोचले. खडकांवरील ओरखड्यांच्या दिशा अभ्यासून त्यांनी दाखवून दिले, की हिमयुगातील महाहिमनदीचे एक केंद्र उपसागराच्या पश्चिमेस होते. १८९६ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना बॅक पुरस्कार दिला.

सरकारी सेवेत मात्र मानमरातब आणि वेतन यांचा मेळ बसला नाही. शतकाच्या अखेरीस त्यांनी नोकरी सोडली, क्लोंडाइकमध्ये खाण-सल्लागार म्हणून काम केले आणि नंतर टोरांटोत स्थायिक होऊन किर्कलंड लेकच्या सोन्याच्या खाणीतून संपत्ती मिळवली. जुन्या प्रवाशांचे ऋणही ते विसरले नाहीत. अठराव्या शतकात चर्चिलहून पायी आर्क्टिक महासागरापर्यंत गेलेल्या सॅम्युअल हर्न यांचा ग्रंथ त्यांनी १९११ मध्ये संपादित केला. दारिद्र्यात निवर्तलेले महान नकाशाकार डेव्हिड थॉम्प्सन यांचे हस्तलिखित त्यांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणले. भूशास्त्रातील मानाचे वोलास्टन पदक त्यांना १९४७ मध्ये मिळाले. २६ ऑगस्ट १९५७ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे टोरांटोत निधन झाले.

त्यांच्या बागेच्या जागी १९७४ मध्ये प्राणिसंग्रहालय उघडले आणि २००९ मध्ये तेथे ध्रुवीय अस्वलांसाठी टुंड्राचा विशेष विभाग साकारला. चर्चिलच्या आग्नेयेस १९९६ मध्ये वापुस्क राष्ट्रीय उद्यान स्थापन होऊन अस्वलांच्या गुहांचा प्रदेश सुरक्षित झाला. मात्र उद्यानाची सीमा आखून समुद्रातले बर्फ राखता येत नाही. एका वर्षाच्या नोंदीवरून हवामानाचा निष्कर्ष काढता येत नाही हे खरे; परंतु उपग्रहांच्या गेल्या चार दशकांच्या नोंदी असे दाखवतात, की पश्चिम हडसन उपसागरातील बर्फविरहित काळ तीन ते चार आठवड्यांनी वाढला आहे. तेवढे दिवस अस्वलांचा उपवास लांबतो. हवाई गणनेनुसार २०१६ मध्ये तेथे सुमारे ८४२ अस्वले होती. २०२१ मध्ये हा अंदाज ६१८ वर आला.

जगातील ध्रुवीय अस्वलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कॅनडात राहतात. त्यामुळे त्यांच्या भवितव्याचा प्रश्न टोरांटोच्या नागरिकांनाही परका नाही. प्राणिसंग्रहालयात मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांनी अस्वलांच्या कुंपणाशी उभे राहून या भूमीच्या जुन्या मालकाचे स्मरण अवश्य करावे. १८९३ च्या ऑक्टोबरमध्ये जे बर्फ त्यांच्या जिवावर उठले होते, त्याच बर्फावर त्या किनाऱ्यावरील अस्वलांचा जीव तेव्हाही अवलंबून होता आणि आजही आहे.