घरात भट्टी पेटवणारा हर्शेल

पत्रिकेत हर्षल नावाचा ग्रह असतो, पाहिलाय? म्हणजे युरेनस. तो शोधणारा विल्यम हर्शेल पोटापाण्यासाठी ऑर्गन वाजवायचा!

१७३८ मध्ये हॅनोवरमध्ये जन्मलेला हा संगीतकार इंग्लंडमधल्या बाथ शहरात स्थिरावला. पस्तिशीत आकाश बघायचं वेड लागलं. मोठी दुर्बीण परवडेना. मग घरातच कारखाना! तेव्हा दुर्बिणीचे आरसे तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचे असत. हा छंद सोडलेल्या एका शेजाऱ्याची जुनी हत्यारं त्याने विकत घेतली, बाकी सगळं करून बघत शिकला. पॉलिश करताना मध्येच हात काढायची सोय नाही. एकदा तर सलग सोळा तास! बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवायची.

युरेनस आधीही काहींनी पाहिला होता, पण तारा समजून. १३ मार्च १७८१ला हर्शेलच्या घरगुती आरशात तो बारीक चकतीसारखा दिसला. आधी त्याला तो धूमकेतू वाटला, ते सोडा.

मग तीन फुटी आरशाचा घाट घातला. साचा घोड्याच्या लिदीचा, ती कुटून चाळायची कॅरोलाइनने. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्यांदा भट्टीच गळली, तापलेला धातू सांडून फरशीचे दगड उडाले, सगळे बाहेर पळाले.

पुढच्याच वर्षी राजाने पगार सुरू केला आणि संगीताच्या शिकवण्या सुटल्या. १८२२ मध्ये तो गेला. बाथमधल्या त्या घरात आता संग्रहालय आहे. तडकलेली फरशी अजून तशीच आहे.